एकच चिलखत, तिघांच्या मापाचं : प्रकल्प नोंदी

१५ जून

आमच्या ग्रुपची चाळीस मिनिटांची एकांकिका बसतेय, होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातली अकिलीस आणि पॅट्रोक्लसची गोष्ट. चिलखताचं काम माझ्या गळ्यात आलंय कारण मी नाशिकच्या अंबडला खोक्यांच्या कारखान्यात डिझाइन बघते, म्हणजे पुठ्ठा कुठे दुमडतो आणि कुठे फाटतो हे मला कळतं असा सगळ्यांचा समज आहे. पुढे कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहून ठेवतेय.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अकिलीस ग्रीकांचा सेनापती असलेल्या राजावर रुसून लढाईतून बाहेर बसलाय, ट्रॉयची माणसं ग्रीकांच्या जहाजांपर्यंत पोचलीत, आग लागलीये. त्याचा जिवाभावाचा मित्र पॅट्रोक्लस रडत येतो आणि म्हणतो तू येत नसशील तर तुझं चिलखत मला दे, त्यांना वाटेल तूच आलास. अकिलीस देतो, पण बजावतो की जहाजांपासून हाकल आणि परत ये. तो परत येत नाही, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर त्याला मारतो, अंगावरचं चिलखत काढून घेतो आणि स्वतः घालतो. शेवटी अकिलीस हेक्टरला मारतो तेव्हा हेक्टरच्या अंगावर अकिलीसचंच चिलखत असतं.

म्हणजे एक चिलखत, तीन माणसं. दिग्दर्शकदादा म्हणाले, "ताई, सरळ दोन-तीन सेट करून टाक, विंगेतली पळापळ वाचेल." मी नाही म्हणाले. तीन सेट केले तर गोष्टच उरत नाही, तेच चिलखत एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेलेलं लोकांना दिसलं पाहिजे. अर्धा तास वाद झाला, मग म्हणाले बरं कर, पण बजेट चार हजारच.

१८ ते २० जून

मापं: पॅट्रोक्लस छाती ३४, अकिलीस ३८, हेक्टर ४२. आठ इंचांचा फरक.

कारखान्यातून ५ प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, रद्दी पुठ्ठा आणला, फुकट. आणि पहिलीच चूक अशी केली की सांगायला जीव होत नाही. पुठ्ठ्याच्या आत जी लाट असते, फ्ल्यूट, ती उभी ठेवली तर पुठ्ठा अंगाभोवती गोल वळतो, आडवी ठेवली तर मोडतो. रोज हेच काम करते मी. तरी शीट वाचवायच्या नादात पाठीचा भाग आडवा कापला आणि वळवताना तीन ठिकाणी कडकन मोडला. दोन संध्याकाळी गेल्या. वाचवली किती, तर अर्धी शीट.

२२ जून

पुठ्ठ्याचं चिलखत पॅट्रोक्लस करणाऱ्या पोराला घालून तालीम. हवा दमट, हॉलचे पंखे बंद, पंचवीस मिनिटांत कमरेपाशी पुठ्ठा घामाने भिजून पोळीसारखा मऊ. अंगाला लागणाऱ्या वस्तूला पावसाळ्यात पुठ्ठा वापरू नका, आतून प्लास्टिक लावलं तर कलाकार उकडून निघतो. हे सगळं रद्द. आठवडा गेला.

२६ जून

मेन रोडवरून लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या फोमच्या मॅट आणल्या, १० मिमी जाड, आठ तुकडे, ६४० रुपये. हीट गन शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणली. छातीचा आकार देण्यासाठी घरातला जुना माठ पालथा घातला, फोम गरम करायचा, तो चमकायला लागला की माठावर दाबून धरायचा, गार होईपर्यंत सोडायचा नाही. हे मात्र पहिल्या फटक्यात जमलं आणि मला इतका आनंद झाला की आईला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं.

जोडायला चपलेला लावतात ते सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. मी तीन मिनिटांत जोडलं आणि रात्रीतून दोन्ही बगलांचे जोड उघडे. शिवाय खिडकी बंद होती, वासाने डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जड. खिडकी उघडी ठेवा, पाऊस आत आला तरी चालेल.

३० जून

आज पट्टे. डाव्या बगलेत चामड्याचे दोन पट्टे आणि प्रत्येकाला तीन भोकं, पहिलं पॅट्रोक्लसचं, दुसरं अकिलीसचं, तिसरं हेक्टरचं. दिग्दर्शकदादांना वाटलं मी इंटरनेटवर बघून केलं. नाही.

कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण होती, दोघींत मिळून इंटरव्ह्यूला घालण्यासारखा एकच चांगला ड्रेस होता, निळा. ती बारीक, मी नाही. तिचा इंटरव्ह्यू असला की बगलेची शिवण आत घ्यायची, माझा असला की उसवायची. नोकरी लागेपर्यंत त्या कापडाला बगलेत सुईच्या भोकांच्या तीन ओळी पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आजारी होती. तिच्या घरच्यांनी तो ड्रेस मला आणून दिला, इतकी वर्षं तिने ठेवला होता. मी तो उलटा करून बघितला तर शिवण तिच्या मापावर होती.

म्हणून मी तीन सेट करणार नव्हते. दादांना हे सांगितलं नाही, इथे लिहितेय.

४ जुलै

रंगाआधी पृष्ठभाग. ठोकलेल्या पितळेसारखं दिसावं म्हणून तापवलेल्या पळीच्या पाठीने फोमवर खळगे पाडले. दिसायला गारा पडल्यासारखं झालं, धातू वाटेना. शेवटी जुन्या नाशकात तांबटांकडे गेले. एका काकांनी हातातलं काम ठेवून दाखवलं: मठार, म्हणजे हातोडीचा ठोका, कधी इकडेतिकडे मारायचा नसतो, मधोमध एक ठोका, मग त्याच्याभोवती गोल, मग त्याच्याबाहेर अजून एक गोल, ठोक्याला ठोका लागून. काका म्हणाले, "घाई केली की भांडं बोलतं, बाई." घरी येऊन सगळे खळगे परत गरम करून भरले (फोम तापला की बराचसा फुगून वर येतो, हे कळलं ते बरं झालं) आणि मधून बाहेर ओळीने पाडले. चार तास. आता धातू वाटतं.

९ जुलै

सगळ्यात अवघड गोष्ट. पॅट्रोक्लसचं मरण असं लिहिलंय की अपोलो देव धुक्यातून मागून येतो आणि त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध तळहाताने एक फटका मारतो. शिरस्त्राण उडून घोड्यांच्या पायात घरंगळतं, ढाल गळून पडते, छातीचं चिलखत सुटतं, आणि तो तसाच भांबावून उभा राहतो. मग ट्रॉयचा एक योद्धा, युफोर्बस, मागून भाला मारतो आणि शेवटचा घाव हेक्टरचा. म्हणजे स्टेजवर चिलखत एका क्षणात, कुणी न काढता सुटलं पाहिजे.

पहिला प्रयत्न वेल्क्रो. खर्रर्र आवाज आला आणि बघणारी पोरं हसली. त्या जागी हसू येणं मला सहनच झालं नाही. दुसरा प्रयत्न बॅगेची प्लास्टिकची बकलं, चार. चारही एकदम सुटत नाहीत, तीन सुटली आणि चिलखत एका बाजूला लोंबकळलं. १८० रुपये वाया.

१३ जुलै

तिसरा प्रयत्न बिजागरीवरून सुचला. उजव्या बगलेत पुढच्या भागाला नाडीचे पाच लूप, मागच्याला चार, एकमेकांत बसवायचे आणि नऊ लूपमधून सायकलची तार, म्हणजे स्पोक, वरून खाली घालायची. वरच्या टोकाला रिंग वाकवून काळा दोरा बांधला. अपोलो करणारा सूत्रधार मागून फटका मारतो त्याच हाताने दोरा ओढतो, तार निघाली की सगळं उघडं.

टेबलावर दहापैकी दहा वेळा चाललं. अंगावर घातल्यावर दहापैकी चार. कलाकार वाकला की लूपवर ताण येतो आणि बारीक तार वाकून अडकते. उपाय: मोटारसायकलची जाड स्पोक (१५ रुपये), तिला मेणबत्ती घासली, नाडीच्या जागी इलॅस्टिक. आता वीसपैकी वीस.

पण शेवटच्या वेळी चिलखत खाली पडताना पट्टा खुर्चीत अडकला आणि डाव्या खांद्याचा फोम टर्रकन फाटला.

१७ जुलै

खांदा आतून चिकटवला, टिकेना, पट्ट्याचा सगळा भार तिथेच येतो. परत तांबटकाकांकडे. त्यांनी तांब्याची चार इंची पट्टी कापून दिली, तीन रिबिटी कशा ठोकायच्या ते दाखवलं, ६० रुपये घेतले. दादा म्हणाले यावर रंग मार, ठिगळ दिसतंय.

संध्याकाळी पूर्ण रन. शेजारच्या दोन काकू बघायला बसल्या होत्या. हेक्टर चिलखत घालून आला तर एक काकू म्हणाल्या, "हा कोण आता? अकिलीस का?" इलियडमध्येही ट्रॉयवाल्यांचं अगदी हेच होतं, पॅट्रोक्लस त्या चिलखतात आला की त्यांना वाटतं अकिलीस राग सोडून आला, पण प्रेक्षकांचं तसं होऊन चालणार नाही. तेव्हा लक्षात आलं की ठिगळच कामाचं आहे. पॅट्रोक्लसच्या मरणात खांदा फाटतो, हेक्टरच्या अंगावर तो लालसर तांब्याने सांधलेला दिसतो. रंग मारला नाही. उलट लिंबू-मिठाने घासून चकचकीत केलं.

२० जुलै

भाला. पॅट्रोक्लस सगळं घेतो पण अकिलीसचा भाला घेत नाही, तो जड आहे आणि अकिलीसशिवाय कुणालाच पेलत नाही. म्हणून आठ फुटी बांबूत खालच्या बाजूला लोखंडी सळई घातली. पोरगा उचलायला जातो, खरंच उचलता येत नाही आणि तो तिथेच टेकवून निघून जातो. शेवटच्या द्वंद्वापर्यंत भाला त्या कोपऱ्यात उभा. ११० रुपयांत नाटकातली सगळ्यात चांगली वस्तू झाली असं माझं मत आहे, मित्राचं सगळं अंगावर चढवता येतं पण एक गोष्ट राहतेच ती बिनशब्दांची दिसते.

२४ ते २७ जुलै

अस्थिकलश आणायला भांडी बाजारात जायचं होतं पण गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदाघाट पाण्याखाली, पुराची खूण मानतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, त्या भागातली दुकानं बंद. तीन दिवस गेले.

शेवटी गेले तर दुकानदाराने विचारलं केवढा पाहिजे. दादांनी दोन लिटरचा सांगितला होता. मी पाच लिटरचा घेतला, भाड्याने, ३०० रुपये. कारण पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीसच्या स्वप्नात येतो आणि मागतो की माझी हाडं तुझ्यापासून वेगळी ठेवू नकोस, लहानपणी तुझ्या घरात एकत्र वाढलो तशी एकत्रच राहू देत. अकिलीस मिठी मारायला हात पसरतो आणि तो धुरासारखा जमिनीत निघून जातो. दोघांसाठी एक कलश. दोन लिटरच्यात दोन माणसं मावत नाहीत, हे नाशिकच्या प्रेक्षकाला न सांगता कळेल.

परत येताना रामकुंडाकडच्या वरच्या पायऱ्यांवर थांबले. पूर ओसरत होता आणि चिखलातच एका घरचे विधी चालले होते, वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं मुंडन. आमच्या नाटकातही केस आहेत. अकिलीसने घरच्या नदीला वाहायचे म्हणून केस वाढवलेले असतात, घरी सुखरूप परतल्यावर द्यायचे असा वडिलांचा नवस. मित्राच्या चितेपाशी तो ते कापतो आणि मेलेल्या मित्राच्या हातात ठेवतो, कारण आता आपण परत जाणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. तालमीत आम्ही हा प्रसंग घाईने उरकत होतो. मी दादांना फोन केला आणि म्हणाले इथे दोन मिनिटं वाढवा. त्यांनी वाढवली.

२९ जुलै

इलॅस्टिकचे जास्तीचे लूप आई बनवून देतेय. काम करता करता गोष्ट सांगितली तर म्हणाली, "मग अर्जुनाचं काय वेगळं झालं?" कृष्ण गेल्यावर द्वारकेतल्या बायकामुलांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला साध्या लुटारूंनी गाठलं, गांडीवाला दोरी चढवताना त्याला कष्ट पडले, अस्त्रं आठवेनात, न संपणारा भाता संपला. हात तेच, धनुष्य तेच. आई म्हणाली, "अर्जुनाच्या दहा नावांत कृष्ण हे पण एक नाव आहे, एक कृष्ण गेला तर दुसऱ्यात काय राहणार?" मी सोल्युशनचा ब्रश हातात धरून तशीच बसले आणि ब्रश वाळून गेला. ४० रुपये.

अकिलीस करणाऱ्याला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो बातमी कळल्यावर मोठ्याने ओरडायचा, आता आधी एकदम गप्प होतो, हात लटकेच पडतात, मग दोन्ही मुठींनी माती डोक्यावर घेतो.

२ ऑगस्ट

नवी ढाल. मूळ गोष्टीत देवांचा लोहार अकिलीसला सगळं नवीन घडवून देतो, छातीचं चिलखतसुद्धा. आमच्याकडे पैसेही नव्हते आणि मला दुसरं चिलखत स्टेजवर नकोही होतं, म्हणून फक्त ढाल आणि शिरस्त्राण. हा बदल आम्ही केलाय, होमरचा नाही.

ती ढाल पाच पदरी आहे, दोन कांस्याचे, दोन कथलाचे, एक सोन्याचा. पाच पदर! ५ प्लायच. रद्द केलेला सगळा पुठ्ठा इथे वापरला, ढाल अंगाला चिकटत नाही त्यामुळे घामाची भीती नाही. ढालीवर अख्खं जग कोरलेलं आहे, सूर्य, चंद्र, दोन शहरं, नांगरणी, कापणी, नाच, कडेने महासागर, आणि एक द्राक्षबाग, काळे घड, चांदीचे खांब, पोरंपोरी टोपल्यांतून माल वाहतायत आणि मधे एक मुलगा वाद्य वाजवत गातोय. मी बाकी सगळं कमी करून द्राक्षबाग मोठी काढली. द्राक्षं पिकवणारी दिंडोरी-निफाडची माणसं समोर बसणार आहेत.

रंग: फेव्हिकॉल-पाणी निम्मं-निम्मं चार हात, मग काळा, मग वार्निशमध्ये ब्रॉन्झ पावडर. उन्हाळ्यात तासाभरात वाळतं ते आता रात्रभर ओलं. पंखा लावा आणि एक दिवस जास्तीचा धरा. निळ्या लाइटमध्ये ब्रॉन्झ राखेसारखं दिसतं, लाइटवाल्याला अँबर, म्हणजे पिवळसर लाइट, मागा.

६ ऑगस्ट

रंगीत तालीम. शेवटच्या द्वंद्वात अकिलीस हेक्टरचं अंग न्याहाळतो, कुठे उघडं आहे. सगळं झाकलंय, फक्त गळ्यापाशी, हसळीच्या हाडाजवळ थोडी जागा उघडी. त्याचंच चिलखत ते, ती जागा त्याला माहीत असणारच. अकिलीस करणारा भाला उगारून पुढे आला आणि थांबला. संवाद विसरला असं सगळ्यांना वाटलं. नंतर म्हणाला, "ताई, ती तांब्याची पट्टी दिसली. त्याच्यावर मारता येईना."

दादांनी तो थांबण्याचा क्षण ठेवला.

११ ऑगस्ट, प्रयोग

परशुराम साईखेडकर नाट्यगृहात. तार एका झटक्यात निघाली. शिरस्त्राण घरंगळत थेट पहिल्या रांगेपर्यंत गेलं, एका आजोबांनी उचलून दोन्ही हातांत धरून ठेवलं, परत दिलंच नाही शेवटपर्यंत.

शेवटी हेक्टर पडतो, अकिलीस त्याच्या अंगावरून आपलं चिलखत काढतो आणि कलशापाशी नेऊन ठेवतो, एवढंच ठरलं होतं. त्याने नेलं, पण ठेवलं नाही. अंगावर चढवलं आणि पट्टा ओढायला लागला. मी विंगेतून बघत होते, दुसरं भोक, त्याचं, पुढे गेलं, तो ओढतच राहिला, पहिल्या भोकापर्यंत. ३८ ची छाती आणि ३४ चं भोक. श्वास आत घेऊन कसाबसा आकडा घातला आणि तसाच, अर्धवट श्वासावर, शेवटचं वाक्य बोलला. हे तालमीत नव्हतं, मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. पडदा पडल्यावर मी ते काढायला गेले तर माझ्या हाताला कंप सुटलेला, आकडा निघेना, त्यानेच काढला.

१३ ऑगस्ट

हिशोब: फोम ६४०, सोल्युशन चार डबे ७२०, पट्टे आणि आकडे ४५०, वाया गेलेलं वेल्क्रो आणि बकलं ३१०, स्पोक-इलॅस्टिक-नाडी १४०, तांब्याची पट्टी ६०, रंग आणि पावडर ८९०, बांबू-सळई ११०, ब्रश १६०, कलश भाडं ३००. एकूण ३,७८०. रात्री धरून साधारण ऐंशी तास, त्यातले तीसेक चुकांचे.

दुरुस्ती: वरच्या पट्ट्याचं पहिलं भोक ओढून लांब झालंय, अर्धा इंच. पुढचा प्रयोग सप्टेंबरात. नवा पट्टा टाकायचा विचार होता पण आतल्या बाजूने चामड्याचा तुकडा शिवून घेतला, बाहेरून भोक आहे तसं. दोऱ्याला मेण लावा, नाहीतर घामाने कुजतो.